कोरोलाचा शनिवार: सेल्फ मारेपर्यंतचा घटनाक्रम

गाडी टोयोटा कोरोला, 1.8 लिटर पेट्रोल. इंजिन वन-झेड-झेड मालिकेतलं, 1794 सीसीचं. कोरोला भारतात 2003 साली आली आणि हेच इंजिन घेऊन आली. सांभाळलेल्या गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात. ही मात्र टो होऊन आमच्या गॅरेजात पोहोचली. मालकांनी काम करताना टप्प्याटप्प्याला मोबाईलवर फोटो काढले होते. त्या फोटोंच्या वेळा आणि त्यांनी सांगितलेली हकीकत जुळवून हे लिहिलं आहे. त्यांच्या परवानगीने.

सकाळी 8.50
गार इंजिन सुरू करताच टायमिंगच्या बाजूने खडखड. थोड्या सेकंदांत ऑइलचा दाब चढला आणि आवाज गेला. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर आणि आतल्या स्प्रिंगवर चालतो. दाब नसतानाही प्लंजर मागे सरकू नये म्हणून त्याला दाते आणि खटका दिलेला असतो. ते झिजले की पहिले काही क्षण चेन सैल वाजते. टेन्शनर बदलायचा, असं मालकांनी ठरवलं आणि ते निदान बरोबर होतं.

सकाळी 10.30
नाना पेठेतून नवा टेन्शनर आणि ओ-रिंग आणली.

दुपारी 12.15
जुना टेन्शनर बाहेर. घरी करण्याजोगं काम म्हणून या इंजिनाची निवड चुकीची नव्हती. इथे टेन्शनर टायमिंग कव्हरच्या मागच्या अंगाला बाहेरूनच बसतो, दोन नटांवर. कव्हर उघडावं लागत नाही. जागा मात्र अडचणीची आहे. इंजिन आणि फायरवॉलच्या मध्ये हात घालून नट बोटांनी चाचपावे लागतात. टेन्शनर निघालेला असताना क्रँक अजिबात फिरवायचा नसतो, आणि तो त्यांनी फिरवला नाही. इथपर्यंत माझ्या हाताखालच्या कुणालाही शाबासकी मिळाली असती.

दुपारी 2.40
नवा टेन्शनर बसवण्याआधीचा फोटो सगळ्यात स्पष्ट आहे. खटका उचलून प्लंजर पूर्ण आत दाबलेला आणि छोटा हुक त्याच्या पिनेत अडकवलेला. बसवताना प्लंजर बाहेर उसळू नये म्हणून हे करावंच लागतं. नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवली, दोन्ही नट कसले.

दुपारी 3.20
हत्यारं पुसून डब्यात. काम संपल्यासारखं दिसत होतं, पण या घटकेला इंजिनात टेन्शनर असून नसल्यासारखा होता. हुक अजून पिनेतच होता. तो सोडवायला पुढचं उजवं चाक काढायचं, आतलं प्लास्टिकचं कव्हर बाजूला करायचं आणि क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्यात धरून क्रँक थोडा उलटा फिरवायचा. उलटा फिरवला की टेन्शनरच्या बाजूची चेन ताणली जाते, प्लंजर किंचित आत ढकलला जातो, हुक सुटतो आणि स्प्रिंग प्लंजरला बाहेर लोटते. मग क्रँक सुलटा फिरवून खात्री करायची. मालकांना हे माहीत होतं. जॅक काढायचा होता, तो चहानंतर काढू म्हणून राहिला.

दुपारी 4.45
वॉचमनने इंटरकॉमवरून सांगितलं, "साहेब, टँकर गेटवर आलाय, तुमची गाडी आडवी येतेय." उन्हाळ्याचे दिवस, सोसायटीची टाकी कोरडी, टँकरवाल्याला पुढच्या फेरीची घाई. अशा वेळी चार माणसं बोलावून न्यूट्रलमधली गाडी ढकलता आली असती. ते लवकर सुचत नाही, हे मी समजू शकतो.

दुपारी 4.52
सेल्फ मारला.

क्रँक सुलटा फिरतो तेव्हा चेन पुढच्या बाजूने ओढली जाते आणि मागची, टेन्शनरची बाजू सैल राहते. त्यामुळे हुक सुटायला काही कारणच नव्हतं. सायकलची सैल चेन जोराने पेडल मारल्यावर उतरते, तशी इथे चेन क्रँकच्या गिअरवरून काही दात सरकली. कॅमशाफ्ट तितके मागे पडले. पिस्टन वर आला तेव्हा मिटत आलेले असायला हवे ते एक्झॉस्ट व्हॉल्व अजून उघडे होते आणि पिस्टनने त्यांना गाठलं. बाहेर फक्त एक 'ठक' ऐकू आली, असं मालक सांगतात.

दुपारी 4.53
इंजिन पकडेना म्हणून पुन्हा सेल्फ. मग पुन्हा. आता तो नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत होता. हा आवाज ओळखायला शिका. व्हॉल्व नीट बसत नाहीत, कॉम्प्रेशन धरलं जात नाही, म्हणून सेल्फला ओझं लागत नाही. तो ऐकताच किल्ली काढायची. पुढच्या प्रत्येक फेरीने व्हॉल्वच्या गाइडला आणि सीटला आणखी मार बसतो.

सोमवार, सकाळी 10
कॉम्प्रेशन गेज लावला. चारपैकी तीन सिलिंडरमध्ये काटा जेमतेम हलला. हेड खोललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व वाकलेले आणि पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे चकाकते घाव. टेन्शनरचा हुक, हेड उतरवण्याआधी आरशातून पाहिला तेव्हाही, पिनेत जसाच्या तसा अडकलेला होता. दोन नटांचं काम हेड, व्हॉल्व, गॅस्केट आणि मशीन शॉपपर्यंत गेलं. टेन्शनरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला.

स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणाऱ्यांना मी थांबवणार नाही. मला ती माणसं आवडतात. त्यांना एवढीच विनंती आहे की, टेन्शनरला हात लावलात तर सेल्फच्या आधी क्रँक पान्याने फिरवा. आधी थोडा उलटा, मग दोन पूर्ण फेरे सुलटा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणजे सोळाच्या सोळा व्हॉल्व एकदा उघडून मिटतात. मधे कुठे कडक अडथळा लागला तर जोर लावू नका, तिथेच थांबा. पान्याला तो अडथळा जाणवतो आणि तेवढ्यावर इंजिन वाचतं. गेटवर टँकर उभा असेल तर गाडी ढकला.