आभासी दृश्य आणि डोळ्यांची ओढाताण

बाभुळगावजवळच्या बेंबळा धरणाच्या भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाने आधी मनगटावरील घड्याळ पाहिले आणि मग पाण्यापलीकडच्या काठाकडे नजर टाकली, तर त्या क्षणार्धात त्याच्या डोळ्यांत दोन क्रिया घडतात. जवळ पाहताना दोन्ही डोळे किंचित नाकाकडे वळतात आणि बाहुलीमागचे नेत्रभिंग फुगून जाड होते. दूर पाहताना डोळे समांतर होतात आणि भिंग चपटे होते. या दोन क्रिया मेंदूने एकमेकींशी घट्ट बांधलेल्या आहेत. एक सुरू झाली की दुसरी आपोआप मागे येते. त्रिमितीय दृश्य दाखवणाऱ्या, डोक्यावर बांधण्याच्या बहुतेक पडद्यांत, म्हणजे आज सर्वत्र हेडसेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांत, नेमकी हीच गाठ सुटते.

अशा साधनाची कल्पना नवी नाही. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दाखवली की खोलीचा भास होतो, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दाखवून दिले. संगणकाने काढलेली अशी चित्रे डोक्यावरील यंत्रातून दाखवण्याचा प्रयोग इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत केला. ते यंत्र इतके अवजड होते की छताला टांगावे लागे. पुढे वजन घटले, चित्र सुबक झाले. पण मूळ उणीव कायम राहिली.

ती उणीव अशी. हेडसेटमधील पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला तरी मधल्या भिंगामुळे तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो. हे अंतर पक्के असते. दृश्यातील फुलपाखरू चेहऱ्यापुढे पाव मीटरवर आले की डोळे त्याच्याकडे वळतात, परंतु प्रकाश मात्र दोन मीटरवरून आल्यासारखाच येत राहतो. चष्म्याच्या नंबराच्या भाषेत सांगायचे तर पाव मीटरसाठी नेत्रभिंगाला ४ डायॉप्टरची शक्ती लावावी लागते आणि दोन मीटरसाठी फक्त अर्ध्या डायॉप्टरची. साडेतीन डायॉप्टरची ही तफावत डोळ्यांनीच निस्तरायची. भिंगाने डोळ्यांच्या वळण्याला साथ दिली तर चित्र धूसर होते, न दिली तर ताण येतो. बर्कलेच्या मार्टिन बँक्स यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या विसंगतीमुळे डोळे थकतात आणि दोन प्रतिमा एकत्र जुळवायला अधिक वेळ लागतो, असे आढळले. चित्रपटगृहात हा त्रास तुलनेने कमी जाणवतो, कारण पडदा मुळातच दूर असतो. ‘छोटा चेतन’ पाहताना वस्तू अगदी नाकाशी आल्या की डोळे का चुरचुरत, याचे एक कारण मात्र हेच.

यावरील संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा नाशिकपर्यंत येतो. मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि २००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये दाखल झाले. तेथील त्यांच्या गटाने २०१० मध्ये ‘नेत्र’ हे डोळे तपासण्याचे स्वस्त साधन मांडले. मोबाइलच्या पडद्यावर सूक्ष्म छिद्रांची किंवा भिंगांची जाळी बसवायची आणि त्यातून पाहायचे. जाळीमुळे बाहुलीच्या निरनिराळ्या भागांतून निरनिराळे किरण आत शिरतात. डोळा निर्दोष असेल तर ते दृष्टिपटलावर एकाच जागी पडतात. नसेल तर एकाऐवजी दोन रेषा दिसतात. कळा दाबून त्या रेषा एकमेकींवर आणायच्या आणि कळ किती वेळा दाबावी लागली, त्यावरून चष्म्याचा नंबर काढायचा. रासकर यांना २०१६ मध्ये पाच लाख डॉलरचे लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले.

वरकरणी हे नेत्रतपासणीचे साधन. पण त्यामागचे तत्त्व हेडसेटलाही लागू पडते. बाहुलीच्या प्रत्येक भागातून कोणता किरण जावा हे ठरवता आले, तर वस्तू खरोखरच जवळ किंवा दूर असल्यासारखा प्रकाश डोळ्याला देता येतो आणि नेत्रभिंग आपल्या स्वभावानुसार जुळवून घेते. याला प्रकाशक्षेत्र पद्धत म्हणतात. तिचे बीज फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्येच मांडले होते. रासकर यांच्या गटात एकावर एक पडदे रचून प्रकाशक्षेत्र निर्माण करण्यावर काम केलेले डग्लस लॅनमन आणि गॉर्डन वेट्झस्टाइन हे तरुण संशोधक पुढे या क्षेत्रातील अग्रणी ठरले. लॅनमन यांनी एनव्हिडिया कंपनीत डेव्हिड ल्यूबकी यांच्यासह २०१३ मध्ये सूक्ष्मभिंगांचा पातळ हेडसेट करून दाखवला. वेट्झस्टाइन यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने २०१५ मध्ये दोन पारदर्शक पडद्यांचा हेडसेट सादर केला.

अडचण किमतीची नव्हे, तर चित्राच्या बारकाव्याची आहे. पडद्यावरील तेच ठिपके अनेक दिशांच्या किरणांत वाटावे लागतात. २०१३ च्या नमुन्यात १२८० बाय ७२० ठिपक्यांच्या पडद्यावरून डोळ्याला मिळालेले चित्र जेमतेम १४६ बाय ७८ ठिपक्यांचे होते. म्हणूनच दुसरा, कमी देखणा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. नजर कोठे वळली आहे हे टिपायचे आणि त्या अंतरानुसार पडदा किंवा भिंग बदलायचे. ऑक्युलसने २०१८ मध्ये दाखवलेल्या ‘हाफ डोम’ नमुन्यात पडदे मागेपुढे सरकत असत. नंतरच्या नमुन्यात सरकते भाग गेले आणि द्रवस्फटिकाच्या सहा भिंगांच्या थरातून ६४ निरनिराळी अंतरे साधण्यात आली. बाजारात आलेल्या यंत्रांपैकी ‘मॅजिक लीप वन’मध्ये, २०१८ मध्ये, केवळ दोन अंतरांची सोय होती. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या महागड्या ‘व्हिजन प्रो’तही पडद्याचे अंतर पक्केच आहे.

यात एक गंमत आहे. चाळिशी लागलेल्या माणसाचे नेत्रभिंग तसेही ताठर झालेले असते. त्यामुळे ही विसंगती त्याला कमी छळते. योग्य नंबराचा चष्मा लावला की त्याचे बरेचसे भागते. मुलांचे भिंग मात्र सर्वांत लवचीक आणि म्हणून जोडी तुटण्याचा भार सर्वाधिक त्यांच्यावर. असे असताना मेटा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या हेडसेटसाठी वयाची किमान अट १३ वरून १० वर्षांवर आणली. पालकांच्या देखरेखीची अट तिने घातली आहे. पण मूल काय पाहते यावर पालक लक्ष ठेवू शकतात, त्याच्या डोळ्यातील भिंग काय करते यावर नाही. तोवर हातातली वस्तू जवळून न्याहाळण्याचे खेळ मुलांना बेताने देणे आणि मधूनमधून हेडसेट उतरवून खिडकीबाहेर दूर पाहायला लावणे, एवढेच घरच्यांच्या हाती आहे.