वेताळाची मराठी

गेल्या वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरला. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसे आणणारी ही बोट २०२० च्या मार्चात सुरू झाली आणि आमचे मांडवे मुंबईच्या अंगणात जाऊन बसले. पण ते असो. विद्यार्थ्याच्या काखेत जाड पुठ्ठ्याचे, विटेसारखे वजनदार पुस्तक होते. ते माझ्या हाती ठेवीत तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा वेताळ आणलाय."

उघडून पाहतो तो खरोखरच वेताळ! अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर पट्टी, बोटात कवटीची अंगठी. पस्तीस वर्षांनी भेट झाली, आणि गडी तसूभरही म्हातारा झालेला नव्हता. लहानपणी मी पाहिला तो पिवळ्या पडलेल्या, कडा दुमडलेल्या कागदावर. इथे रेघ न् रेघ लख्ख होती. पाने चाळता चाळता मात्र माझा उत्साह ओसरू लागला. काय बिनसले ते प्रथम ध्यानात येईना. मग आले. वेताळ इंग्रजीत बोलत होता.

आता, तो जन्माने इंग्रजीच बोलणारा, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ली फाल्क या अमेरिकन लेखकाने १९३४ साली मँड्रेक जादूगार आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी हा 'फँटम' वर्तमानपत्रात आणला. रोज तीन-चार चौकटी, गोष्ट उद्यावर. सकाळी वाचावे आणि संध्याकाळी त्याच कागदात शेंगदाणे बांधावेत, एवढेच त्या चौकटींचे आयुष्य. हा ऐवज जपून ठेवण्याजोगा आहे हे पाश्चात्त्यांच्याही फार उशिरा लक्षात आले. 'पीनट्स' ही चित्रमाला पहिल्या दिवसापासून क्रमाने छापण्याचे काम तिकडे २००४ साली सुरू झाले आणि ते पुरे व्हायला २०१६ उजाडले. फँटमच्या रोजच्या पट्ट्यांचे खंड २०१० पासून निघू लागले. माझ्या हातातला ग्रंथ त्याच जातीचा.

आमच्याकडे हा गृहस्थ आधी 'इलस्ट्रेटेड वीकली'तून आला. पण तो साहेबी घरांतला पाहुणा. तुमच्याआमच्या घरात त्याने पाऊल टाकले ते मार्च १९६४ नंतर, टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले तेव्हा. किंमत साठ पैसे. पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याचा. म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा, चित्रपट्टीचा नव्हे. सुरुवातीच्या अंकांत वेताळाला सोळाच पाने दिलेली असत, उरलेल्या पानांवर ज्ञानवर्धक माहिती. वडीलधाऱ्यांनी अंक हिसकावून घेऊ नये म्हणून ही योजना असावी, असा माझा एक मास्तरी तर्क आहे. मुखपृष्ठे बी. गोविंद यांची, ती पाहूनच पोरे दुकानासमोर खिळून जात. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी आले आणि १९७६ साली आबिद सुरतींचा 'बहादूर' हा अस्सल देशी नायक आला. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांतून ८०० हून अधिक अंक निघाले आणि १९९० साली सारे आटोपले. त्याच वर्षी 'अग्निपथ' चित्रपटाने मांडव्याचे नाव देशभर केले. एक गेले, एक आले. पण मला विचाराल तर त्या सौद्यात मी बुडालो.

आमच्या गावी हे अंक नवे कधी येत नसत. माझे मामा माझगावच्या गोदीत कामाला होते. ते सुट्टीला येताना रद्दीच्या दुकानातून चार-सहा अंक उचलून आणीत. लाँचमधून येताना ते हमखास भिजत, म्हणून आमच्या वेताळाला कायम खाऱ्या पाण्याचा वास. पावसाळ्यात दर्या खवळला की लाँच बंद. 'पुढे चालू' असे ज्येष्ठात वाचले, तर त्याच्या पुढचे वाचायला नारळी पौर्णिमा उलटावी लागे. तोवर पुढची गोष्ट आम्हीच रचीत असू. मी पुढे कादंबऱ्या लिहू लागलो त्याचे मूळ शोधायचे झाले तर त्या तीन महिन्यांत शोधावे.

त्या गोष्टींचे बीज समुद्रातच होते. १५३६ साली चाचे एक जहाज लुटतात, कप्तानाला मारतात. त्याचा मुलगा किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीच्या नाशाची शपथ घेतो. बाप मेला की मुलगा तोच वेष चढवतो. म्हणून रानातल्या लोकांना वाटते, हा अमर आहे. आता गंमत पाहा. मूळ इंग्रजीत त्या देशाचे नाव 'बंगाला', चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग', आणि पट्ट्याच्या गोष्टीतला खुनी 'रामा'. हिंदुस्थानात छापताना संपादकांनी बंगालाचे 'डेंकाली' केले, सिंगचे 'सिंगा' आणि रामाचे 'रामालू'. आपल्या मुलांनी आपलीच नावे चाच्यांना चिकटलेली का वाचावीत?

हा मुद्दा आमच्या किनाऱ्यावर विशेष बोचतो. मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला थळपर्यंत गेले की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी या पाण्यावर हुकमत गाजवली. दस्तक घेतल्याशिवाय गलबत जाऊ देईनात. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. अशा पुरुषाला इंग्रजांनी कोणत्या नावाने आपल्या कागदांत नोंदवले? चाचा! खांदेरी २०२५ साली मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण मी शाळकरी असताना, ज्यांच्या पूर्वजांनी आंग्र्यांची गलबते वल्हवली त्यांचीच पोरे चाच्यांवर तुटून पडणाऱ्या एका गोऱ्याच्या विजयावर टाळ्या पिटीत होती.

मग आम्ही फसलो होतो का? मला तसे वाटत नाही, आणि याचे श्रेय एका शब्दाला आहे. तो शब्द म्हणजे 'वेताळ'.

'फँटम'ला भूत म्हणता आले असते, पिशाच म्हणता आले असते. हिंदीतही 'वेताल' हेच नाव ठेवले. पण तिथे ते विक्रमाच्या पाठीवरच्या गोष्टीवेल्हाळ वेतालाची आठवण देते. कोकणातला वेताळ निराळा. तो गावचा राखणदार. जयवंत दळवींच्या आरवलीचा वेतोबा पाहा. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवाला नवसाच्या म्हणून भल्या मोठ्या कातडी वहाणा वाहतात, केळीचे घड देतात. देव रात्री गावाची गस्त घालतो आणि चालून चालून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. फाल्कच्या नायकाचे इंग्रजी बिरुदही 'चालणारे भूत' असेच. अमेरिकेतल्या लेखकाला आरवली माहीत असण्याचे कारण नाही. पण इकडे ते नाव छापले गेले आणि त्या साहेबाच्या अंगात आमचा देव शिरला. पट्टीमागच्या चेहऱ्याचा रंग आम्ही विचारलाच नाही. तो रानात राहून रात्री फिरतो, दुबळ्यांची राखण करतो, म्हणजे वेतोबाच!

अनुवादकांचे काम सोपे नव्हते. बोलण्याचे फुगे इंग्रजीच्या मापाने काढलेले. इंग्रजीची मोठी अक्षरे विटांसारखी एकावर एक रचता येतात. आपल्या देवनागरीला डोक्यावर वेलांट्या-मात्रा आणि पायाशी उकार. दोन ओळींत हवा ठेवावीच लागते. म्हणजे तेवढ्याच फुग्यात शब्द कमी मावणार. त्यामुळे त्या मराठीला एक आटोपशीर ठसका आला. पाल्हाळाला जागाच नव्हती. निबंध लिहिताना वहीभर पाणी घालणाऱ्या मुलांना मी अजून सांगतो, 'फुग्यात मावेल असे लिही.' आम्ही अंकावर अनुवादकाचे नाव कधी शोधले नाही, याची आज लाज वाटते.

पुनर्मुद्रणात नेमके हेच गळते. नवे खंड निघतात ते मूळ चित्रांवरून; आपल्याकडे अलीकडे वेताळ पुन्हा छापला गेला तो इंग्रजी-हिंदीत. त्या मानाने 'अमर चित्रकथा' नशीबवान. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ती माला सतत छापली जात राहिली, राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची चित्रे नातवंडांपर्यंत पोहोचली, आणि तिच्यावर नंदिनी चंद्रा, कार्लीन मॅक्लेन अशा विदुषींनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. इंद्रजालच्या मराठी फुग्यांना मात्र कोणी वाली राहिला नाही.

चित्रे वाचली आणि शब्द गेले, तर काय होते हे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहावे. तिथे चित्रकथींची जुनी चित्रे आहेत. फार देखणी, पण मुकी. तशाच चित्रांची पोथी कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या घरी उघडली, की वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र उचलून कथा गायिली जाते आणि कागदावरचा रावण गर्जू लागतो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती चित्रे जपल्याबद्दल खरीच, पण त्यांचा बोल जपल्याबद्दलही.

माझ्याजवळचे अंक आमच्याच घरच्यांनी एका दिवाळीच्या साफसफाईत वजनावर घातले. शिल्लक राहिले तीन. त्यांतल्या एकाला मुखपृष्ठ नाही. या सुट्टीत त्या विद्यार्थ्याने आणि मी एक उद्योग आरंभला आहे. या तीन अंकांतला मराठी मजकूर फुग्याबरहुकूम वहीत उतरवून घ्यायचा. सासवणे, किहीम, थळ इथल्या माळ्यांवर आणखी काही निघतील तर तेही. आजवर सात अंक जमले. एकाच्या पानांवर कोणीतरी शाईने सगळ्यांना मिशा काढल्या आहेत, तेवढा भाग वाचायला जड जातो.

परवा त्यांतला एक अंक मी वर्गात नेला. मुलांनी डोकी जुळवून पाने पाहिली. एक मुलगी, आईकडून वेंगुर्ल्याची, बराच वेळ वेताळाच्या पायांकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "गुरुजी, ह्याने बूट का घातलेत? ह्याला कोणी वहाणा दिल्या नाहीत?"