तीस गॉसची साक्ष

विज्ञानाच्या इतिहासात दहा मिनिटांच्या भाषणाला सहसा जागा मिळत नाही. १९५३ च्या वसंतात वॉशिंग्टन येथे अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अधिवेशनात झालेले एक भाषण मात्र याला अपवाद आहे. वक्ता सत्तावीस वर्षांचा. नाव आल्बर्ट ओव्हरहाउजर. समोर राबी, ब्लॉख आणि पर्सेल, तिघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी. जोडीला रॅमसे, त्यांना तो मान पुढे १९८९ मध्ये मिळाला. अणुकेंद्राच्या चुंबकत्वावर या चौघांपुढे बोलायचे म्हणजे भर गणेशोत्सवात भटजींना आरती शिकवण्यासारखेच!

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. समीकरणांवर माझा अधिकार नाही. तरीही हा वाद मला जवळचा वाटतो, कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे.

पुष्कळ अणूंचे केंद्र हे एक इवलेसे लोहचुंबक असते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की या केंद्रांनी एका दिशेने उभे राहावे. पण उष्णतेच्या धक्काबुक्कीत ती कसली उभी राहतात! मधल्या सुट्टीतल्या मुलांना रांगेत उभे करण्यातलाच प्रकार. नेहमीच्या तपमानात आणि तीस गॉसच्या क्षेत्रात हायड्रोजनच्या दहा कोटी केंद्रांमागे क्षेत्राच्या बाजूने आधिक्य उरते ते जेमतेम एकाचे. यंत्राला जो संकेत मिळायचा, तो त्या एकाच्या जोरावर.

ओव्हरहाउजर म्हणत होते : धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व केंद्रांहून कितीतरी प्रबळ आहे. रेडिओलहरींचा मारा करून त्यांची शिस्त मोडा. ते पुन्हा मूळ स्थितीला येऊ पाहतील आणि येताना शेजारच्या केंद्रांना फिरवीत जातील. मारा चालू ठेवला की केंद्रे एका बाजूला गोळा होतील. लिथियममध्ये ही वाढ तत्त्वतः सुमारे १७०० पटींपर्यंत जावी.

श्रोत्यांना हे पटेना. एकाची शिस्त मोडली म्हणून दुसऱ्याला शिस्त कशी लागेल? युक्तिवादात कुठेतरी मूलभूत चूक असणार, असेच त्या चौघांना वाटले.

निकाल लागला तो त्याच वर्षी, इलिनॉय विद्यापीठात. तेथील तरुण अध्यापक चार्ल्स स्लिक्टर आणि त्यांचा विद्यार्थी थॉमस कार्व्हर यांनी लिथियम धातू घेतला. क्षेत्र अवघे ३०.३ गॉस, पृथ्वीच्या क्षेत्राच्या साठपट म्हणा. आज रुग्णालयांत सर्रास आढळणारे यंत्र १५,००० गॉसचे असते! या दुबळ्या क्षेत्रात लिथियमचा संकेत खरखरीत पार बुडून गेला होता. पडद्यावर दिसत होती नुसती थरथरती रेघ. मग इलेक्ट्रॉनांवर सेकंदाला ८.४ कोटी कंपनांच्या लहरी सोडल्या आणि त्याच रेघेतून उंच शिखर वर आले. ग्लिसरिनमधल्या हायड्रोजनच्या संकेताशी तुलना करून हिशेब मांडला, तेव्हा वाढ शंभर पटींच्या घरात भरली. बलाढ्य चुंबकात मुळातच दिसणारा संकेत मोठा झाला असता. येथे जे दिसतच नव्हते ते दिसले. क्षेत्राचा दुबळेपणाच साक्षीला उपयोगी पडला.

पुढे या कल्पनेला फांद्या फुटल्या. २००३ मध्ये अतिशीत अवस्थेत केंद्रे अशी वळवून, तो पदार्थ झटकन विरघळवून, द्रवातला संकेत १०,००० पटींहून अधिक वाढवण्यात आला. २०१३ मध्ये अशा रीतीने तयार केलेले पायरुव्हेट प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या ३१ रुग्णांना देऊन केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. अर्बुदात पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना त्यात दिसले.

पण माझे मन रेंगाळते ते रॅमसे यांच्या एका पत्रापाशी. त्याच उन्हाळ्यात ओव्हरहाउजरांच्या निबंधाचे हस्तलिखित त्यांच्या हाती आले. त्यांनी चूक शोधण्याची शिकस्त केली; ती सापडली नाही, तेव्हा तसे त्या तरुणाला लिहून कळवले. शंका घेणे हा विद्वानांचा हक्कच आहे. शंका फिटल्यावर ते आपण होऊन, आणि तेही वयाने लहान माणसाला, कळवणे हे मात्र हक्कात बसत नाही. त्याला मन मोठे लागते. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाकडे पाहताना आम्हा मास्तर मंडळींनी ते पत्र आठवावे.