एल्व्हा नदीची मोकळी वाट

मंडळी, आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात; पण खरा सॅमन निराळा. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत चढून येतो. लेक बाळंतपणाला माहेरी यावी, तसाच. पण माहेरची वाटच बंद झाली तर?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नदीवर तसंच घडलं. विजेसाठी १९१३ साली मुखापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर धरण झालं. १९२७ साली वरच्या अंगाला दुसरं. माशांना वाट ठेवावी, असा कायदा १८९० पासून होता. तरी ती ठेवली नाही. काठच्या क्लॅलम लोकांचं पोट सॅमनवर. मासे तर घटलेच, शिवाय वाळू-गोटे धरणात अडकल्यानं खाली अंडी घालायला जागा उरेना.

हे लोक मागे हटले नाहीत. १९९२ साली नदी पूर्ववत करण्याचा कायदा झाला. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं पाडली. बुडालेलं त्यांचं उत्पत्तीचं पवित्र स्थानही उघडं झालं. पण नुसती भिंत पाडून भागत नाही. उघड्या तळावर तिथलीच झाडं लावली, पात्रात ओंडके रचले. ओंडक्यांच्या आडोशाला डोह पडतात, पिलं तिथं आसरा घेतात.

२०२३ साली क्लॅलम लोकांनी तिथं पुन्हा सॅमन धरला, तोही बेतानं. वाट अडवायला थोडी वर्षं पुरली. मोकळी व्हायला शंभर लागली, बरं का!