तेल मुरते म्हणजे कुठे जाते?

डोक्याला तेल चोळून घेतले की थोड्या वेळाने माणूस समाधानाने म्हणतो, "छान मुरले हो!" पाऊस जमिनीत मुरतो, लोणचे बरणीत मुरते, तसे तेल डोक्यात मुरते. पण पावसाचे मुरलेले पाणी पुढे विहिरीला लागते. डोक्यात मुरलेले तेल कुठे लागते? प्रश्न पोरकट वाटेल. पण टक्कलावरच्या औषधांचा इतिहास चाळला तर दिसते असे, की काही हजार वर्षे माणसाने 'काय लावावे' एवढेच विचारले. 'लावलेले आत किती जाते आणि कोणत्या वाटेने जाते' हे मोजून पाहायला विसावे शतक उजाडावे लागले.

इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराची एक वैद्यकाची गुंडाळी सापडली आहे. तिला एबर्स पपायरस म्हणतात. तीत टक्कलावर एक लेप सांगितला आहे : सिंह, पाणघोडा, सुसर, मांजर, साप आणि डोंगरी बोकड यांची चरबी एकत्र करून डोक्याला लावावी. सिंहाची आयाळ पाहून कुणाला हे सुचले असेल, हे समजते. पण सापाच्या अंगावर केस कुणी पाहिले?

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत या रोगाला इंद्रलुप्त किंवा खालित्य म्हटले आहे. त्याचे कारण सांगताना संहिताकार म्हणतात, की वातासह पित्त रोमकूपात शिरते व केस गळतात. मग कफ आणि रक्त त्या कूपाचे तोंड बंद करतात आणि नवा केस येत नाही. आता हे वात-पित्त-कफ बाजूला ठेवा आणि 'रोमकूप' हा शब्द तेवढा पहा. कूप म्हणजे विहीर. केस विहिरीतून वर येतो, आणि दुखणे त्या विहिरीत आहे, हे या शब्दातच आले. उपायही त्याला धरूनच आहे. नुसता लेप लावा असे संहिता म्हणत नाही. जागा पुन्हापुन्हा टोचून, खरवडून मग तीवर गुंजेचा लेप द्यावा असे सांगते. म्हणजे वरून लावलेले आपोआप आत जात नाही, त्याला वाट करून द्यावी लागते, हे त्या वैद्यांनी ताडले होते. (गुंज विषारी आहे बरं का. हा प्रयोग घरी कुणी करू नये.)

पुढची कित्येक शतके झरझर ओलांडायला हरकत नाही. लेप बदलले, विचार तोच राहिला. अमेरिकेत १८८० नंतर सदरलँड नावाच्या सात बहिणी आपले जमिनीपर्यंत लोळणारे केस लोकांना दाखवीत आणि केस वाढविणारे पाणी विकीत. बाटल्या अफाट खपल्या. केस त्या बहिणींचे होते, बाटलीतल्या पाण्याचे नव्हते, एवढे ध्यानात यायला गिऱ्हाइकांना फार वर्षे लागली.

मग कातडी ही नुसती भिंतच आहे काय? तसेही नाही, आणि हे कळले ते फार वाईट रीतीने. १९३० च्या सुमारास अमेरिकेत 'कोरेमलू' नावाचे एक मलम निघाले. ओठांवरची नको असलेली लव घालविण्यासाठी बायका ते लावीत. त्यात थॅलियम या विषारी धातूचा क्षार होता. मलम लावायचे ओठावर, आणि केस गळू लागले डोक्याचे! पाय दुखू लागले, काहींच्या नजरेवर परिणाम झाला. ओठावर लावलेले द्रव्य कातडीतून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरभर गेले होते. म्हणजे कातडीतून काही द्रव्ये जातात, काही जात नाहीत. कोणती, हे ठरविते कोण?

याचे उत्तर सँडपेपरने दिले असे म्हटले तर चालेल. १९४४ साली विन्सर आणि बर्च या दोन अमेरिकन संशोधकांनी मृत शरीराची कातडी घेऊन तिच्यातून पाणी किती निसटते ते मोजले. कातडी शाबूत असताना अगदी थोडे निसटे. मग वरचा पापुद्रा बारीक सँडपेपरने घासून काढला, तो पाणी भराभर जाऊ लागले. सारी राखण त्या एका पापुद्र्याची! वहीच्या कागदाहूनही तो कितीतरी पातळ, आणि मेलेल्या पेशींचा बनलेला. पुढे त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे असे सांगण्यात आले. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. लहान रेणू त्या चुन्यातून वाट काढीत आत उतरतात. मोठ्यांना ते जमत नाही. शिक्षकांना वर्गात सांगायला ही भिंत फार उपयोगी पडेल.

पण डोक्याची भिंत हाताच्या भिंतीसारखी आहे का? १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी हे मोजले. हायड्रोकॉर्टिझोन या औषधाला त्यांनी किरणोत्सर्गी कार्बनची खूण केली. ते शरीराच्या निरनिराळ्या जागी लावले आणि पुढे काही दिवस लघवी तपासून किती आत गेले याचा हिशेब मांडला. हाताच्या पुढल्या भागावर लावलेल्यापैकी शेकडा एकच्या आसपास आत गेले. तेवढ्याला एक धरले तर तळपायाला ०.१४, डोक्याला ३.५, कपाळाला ६ आणि जबड्याच्या कोपऱ्याला १३. डोके हातापेक्षा साडेतीनपट अधिक शोषते. तरी लावलेल्यातला फार मोठा भाग बाहेरच राहतो.

हा जादा शिरकाव होतो कुठून? इथे पुन्हा तो रोमकूप आला. बर्लिनच्या संशोधकांनी २००८ साली एक मोठा चिकाटीचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही निरोगी पुरुषांच्या छातीवर त्यांनी कॅफीन, म्हणजे कॉफीतले द्रव्य, लावले. एकदा रोमकूप मोकळे ठेवून, आणि एकदा प्रत्येक रोमकूपाचे तोंड मेण व रोगणाच्या मिश्रणाने एकेक करून बुजवून. तोंडे मोकळी असताना पाच मिनिटांत कॅफीन रक्तात सापडले. बुजविल्यावर वीस मिनिटांनी. म्हणजे भिंतीतूनही ते गेलेच, पण विहिरीची वाट जवळची ठरली.

आता ज्या औषधाने या सगळ्याला महत्त्व आले त्याकडे वळू. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते तयार केले आणि १९७९ मध्ये गोळीच्या रूपात ते बाजारात आले. पण त्याआधीच, १९७० नंतर, ज्या रुग्णांवर त्याची चाचणी चालली होती त्यांच्या अंगावर भलतीकडेच केस येऊ लागले. डॉक्टर गुंटर कान आणि पॉल ग्रँट यांनी ते पातळ करून कातडीवर लावून पाहिले. पुढे बराच वाद होऊन पेटंटावर कान यांचेही नाव लागले. १९८८ मध्ये अमेरिकेने शेकडा दोन टक्क्यांचे पातळ औषध पुरुषांच्या टक्कलासाठी मंजूर केले.

त्याचा हिशेब पहा. एक मिलिलिटर औषधात मिनॉक्सिडिल २० मिलिग्रॅम. डोक्यातून रक्तात जाते सरासरी शेकडा १.४, म्हणजे पाव मिलिग्रॅमहून किंचित अधिक. रक्तदाबासाठी पोटात देतात ते रोज १० ते ४० मिलिग्रॅम. फरक केवढा, हे मुलेही फळ्यावर काढून दाखवतील. बाकीचे औषध जाते कुठे? केसांना लागते, उशीला लागते, धुतले जाते. औषध अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांत कालवलेले असते. अल्कोहोल उडून जाते, मागे घट्ट झालेले औषध झिरपत राहते. आत पोचल्यावरही काम संपत नाही. रोमकूपातले एक विकर त्याला वेगळे रूप देते, तेव्हा ते खरे कामाला लागते. काहींच्या रोमकूपात हे विकर कमी असते. त्यांनी कितीही बाटल्या रिकाम्या केल्या तरी फळ थोडेच. ज्यांना गुण येतो त्यांनाही चार-सहा महिने वाट पाहावी लागते, आणि औषध थांबले की आलेले केस पुन्हा गळतात.

२०१३ मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १०० पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी नुसते मिनॉक्सिडिल लावले. निम्म्यांच्या डोक्यावर शिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचे चाक फिरवले. बारा आठवड्यांनी मोजणीच्या जागेत पहिल्यांचे सरासरी २२ केस वाढले, दुसऱ्यांचे ९१. टोचण्याने औषधाला वाट मिळते, आणि जखम भरून येतानाही केसाला चालना मिळते असे मानतात. सुश्रुताची आठवण येणे साहजिक आहे. पण त्यांना हे सारे ठाऊक होते असे म्हणण्याची घाई करू नये. त्यांनी टोचले, मोजले मात्र या डॉक्टरांनी.

मग आईने चोळलेले खोबरेल फुकट गेले का? मुळीच नाही. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ साली दाखवले, की खोबरेल केसाच्या काडीत शिरते आणि धुताना केसातली प्रथिने झिजू देत नाही; सूर्यफुलाच्या तेलाला वा खनिज तेलाला ते साधत नाही. 'मुरले' ते इथे, असलेल्या केसात. नवा केस उगवणे हे काम निराळे. त्या आशेवर ज्याची आठवड्याची मजुरी एका बाटलीत जाते, त्याला हा फरक कुणीतरी सांगायला हवा. आपल्या औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीत, ज्या रोगांवर हमखास गुणाचा दावा करता येत नाही त्यांत टक्कलाचे नाव आहे ते उगाच नाही.

आणि औषध खरे असेल तर काळजीही खरीच घ्यावी लागते. २०२४ मध्ये युरोपच्या औषध-नियामक संस्थेने एक इशारा दिला. काही तान्ह्या मुलांच्या अंगावर दाट केस उगवले होते. घरातला मोठा माणूस डोक्याला मिनॉक्सिडिल लावी आणि मूल त्याच्या डोक्याशी, उशीशी, हातांशी बिलगे. बाळाची कातडी पातळ, आणि हात सारखा तोंडात. तो संपर्क थांबवल्यावर काही महिन्यांत मुलांच्या अंगावरचे ते केस गेले. औषध लावल्यावर हात धुवावेत आणि मुलाला त्या जागेशी लागू देऊ नये, हे आता तिकडे औषधासोबतच्या माहितीपत्रकात छापतात.