परातीतले इंजिन

औंढा नागनाथच्या देवालयासमोर उभे राहून जो प्रवासी मान वर करतो, त्याला एकाच वास्तूत दोन काळ एकावर एक रचलेले दिसतात. खाली यादवकालीन शिल्पींनी कोरलेली काळ्या पाषाणाची बैठक आहे. आणि वर, जुना शिखरभाग नष्ट झाल्यानंतर पुष्कळ काळाने उभारलेले पांढरे चुनेगच्ची बांधकाम आहे, ज्याचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. जोते शाबूत असेल तर इमारत पाडू नये, वरचे तेवढे नव्याने बांधावे, हा जीर्णोद्धाराचा जुना शिरस्ता होय. याच देवालयापासून हिंगोली, वसमत, जिंतूर या दिशांना जे रस्ते फुटतात, त्यांवरून धावणाऱ्या जुन्या मोटारींच्या बाबतीतही विसाव्या शतकात बहुतेक असाच शिरस्ता पाळला गेला, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. ब्लॉक शाबूत आहे तोवर हेड उतरवावे, काजळी खरवडावी, व्हॉल्व्ह घासावे, नवे गॅस्केट घालून पुन्हा बांधावे. आणि हे सर्व, शक्य असेल तर, घरच्या अंगणातच करावे. ‘इंजिन बांधणे’ असे आपण म्हणतो ते काही उगाच नव्हे.

हा भाग तेव्हा निजामाच्या मुलखात, औरंगाबाद सुभ्याच्या परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोलीस पूर्वी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि दफ्तराची भाषा उर्दू होती. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ गाड्या व १६६ नोकर यांच्यानिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, तेव्हापासून मोटार ही वस्तू मोफस्सलातील रयतेच्या दृष्टीस वरचेवर पडू लागली. परंतु खासगी मोटार बाळगणारे म्हणजे अव्वल तालुकदारासारखे अमलदार, एखादा जहागीरदार, क्वचित एखादा डॉक्टर अथवा वकील. अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग बोटीने मुंबईस येत आणि १९२८ पासून शिवडीच्या कारखान्यात त्यांची जुळणी होई. मुंबईपासून इतक्या अंतरावर, जेथे पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचेही चाक रुतते, तेथे बिघडलेल्या गाडीला कंपनीच्या दुरुस्तीशाळेपर्यंत नेणे हे गाडी विकत घेण्याहून बिकट काम. म्हणून मालकाने प्रथम हात काळे केले ते हौसेने नव्हे, निरुपायाने केले.

दुसऱ्या महायुद्धाने या निरुपायाला शिक्षणाची जोड दिली. १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले आणि लोक कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवू लागले. ज्याने एकदा इंजिनाला पेट्रोलऐवजी कोळशाचा धूर पाजून पाहिला, त्याच्या मनातील त्या यंत्राविषयीचे भय कायमचे गेले असले पाहिजे. १९४३ मध्ये लष्कराने विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दळ स्थापन केले, त्यात तयार झालेले फिटर युद्धानंतर गावोगाव पांगले, आणि त्यांच्या मागोमाग लिलावात निघालेल्या लष्करी जीपही आल्या. पुढे हैदराबाद संस्थान विलीन होऊन चार वर्षे झाली तोच, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या कचेरीसमोर जीप उभी राहणे हे सरकार गावात आल्याचे लक्षण मानले जाऊ लागले.

तथापि माझ्या मते या प्रथेचे खरे कारण युद्ध नव्हे, नंतरची टंचाई आहे. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली; बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी दोन वर्षांची. १९५३ च्या सुमारास सरकारने असा दंडक घातला की ज्यांना येथे गाडी खरोखर तयार करावयाची असेल त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी नव्हे. त्यासरशी जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यत्वे दोन मोटारी: मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली ॲम्बॅसडर आणि फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने रूढ झाली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून जुनी गाडी टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवतही नसे. अर्थशास्त्रज्ञांनी या काळाला पुष्कळ नावे ठेवली, आणि ती योग्यच आहेत. पण त्या साचलेल्या बाजाराने नकळत एक गोष्ट साधली. दहा-दहा, वीस-वीस वर्षे इंजिनात मूलभूत फरकच होत नसल्यामुळे बापाने शिकलेली विद्या मुलाच्या हातात जशीच्या तशी उपयोगी पडली, आणि ज्ञान शिळे होत नसेल तरच त्याची परंपरा बनते. ॲम्बॅसडरचे, फियाटचे आणि जीपचे, तिन्ही इंजिनांचे सिलिंडर ‘एक-तीन-चार-दोन’ याच क्रमाने पेट घेत. हा क्रम ज्याला पाठ होता त्याला भारतातील बहुतेक कोणत्याही बॉनेटखाली हात घालण्याचा परवाना मिळाल्यासारखे होते.

या विद्येचा वार रविवार. सकाळी अंगणात पोते अंथरले जाई. स्टोव्हमधले रॉकेल एका डब्यात, जुन्या धोतराच्या व लुगड्याच्या चिंध्या दुसऱ्यात, आणि काढलेले नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घरातील परातीत मांडून ठेवावयाचे. ही परात कणकेची असे, आणि तिच्यावरून घरात जो वाद होई त्याचा निकाल मालकाच्या बाजूने फारसा लागत नसे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले म्हणजे आत दोन लहानसे ‘पॉइंट’ दिसतात, जे मिनिटाला हजारो वेळा उघडतात व मिटतात. त्यांच्या तोंडांवर खड्डे पडले की ठिणगी मंदावते. बारीक कानशीने ती तोंडे सपाट करावीत, आणि उघडल्यावर मधले अंतर इंचाचे पंधरा सहस्रांश, मिस्त्रीच्या भाषेत ‘पंधरा थाऊ’, ठेवावे. हे माप घेण्याचे फीलर गेज हाताशी नसले तरी अडत नसे. दाढीचे पाते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके जाड असते, तेव्हा चार पाती एकावर एक ठेवली की ते अंतर जवळजवळ बिनचूक साधते. लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते पंचवीस थाऊंचे, ते प्लगच्या फटीला चालते. अचूकतेचे इतके स्वस्त साधन क्वचितच कोणत्या विद्येला लाभले असेल.

वर्ष-दोन वर्षांनी मोठे काम निघे. चढावर गाडी खडखडू लागली, म्हणजे हेडमध्ये काजळी जमली असे समजावे. औंढ्याच्या भोवतालच्या डोंगराळ रस्त्यावर हे दुखणे लपत नसे. हेडचे नट एका दमात न सोडता थोडे थोडे, ठरल्या क्रमाने सैल करावयाचे, नाही तर हेड वाकते. बांधताना मधून बाहेरच्या दिशेला तसेच टप्प्याटप्प्याने आवळावयाचे. पिस्टनवरची काजळी लाकडाच्या चिपेने काढावयाची, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा उठणे परवडत नाही. मग व्हॉल्व्ह. त्याच्या बैठकीला घासणीचा मलम लावून, रबरी चोषक असलेली काठी दोन्ही तळहातांत धरून ती उलटसुलट फिरवावयाची. ताक घुसळणाऱ्या हाताला ही हालचाल शिकवावी लागत नाही; रवी तीच, फक्त डेऱ्यात दही नाही. पुरेसे घासले गेले की नाही हे पाहण्यासाठी व्हॉल्व्ह मिटवून त्याच्या वाटेत रॉकेल ओतावयाचे. पाझरले तर पुन्हा घुसळण.

उन्हाळ्याचा अध्याय निराळा आहे. मराठवाड्याच्या उन्हात गाडीच्या इंधन-पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यात अडे, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळून झाडाखाली बसावे, हा उपाय सर्वांना माहीत होता. पेट्रोलची टाकी झिरपू लागली तर कपडे धुण्याचा साबण चोळावा, हाही. रेडिएटर गळू लागला तर त्यात मूठभर हळद टाकावी, म्हणजे ती फुगून चीर बुजवते, हा उपाय देशभर चाले. पण वसमत-हिंगोलीच्या मुलखाइतका तो कोठे सहज नसावा, कारण येथे हळदीची वाण कोणत्याच घरात नव्हती. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या अर्जात रेडिएटरचा उल्लेख असण्याचा संभव मला कमी वाटतो.

शेतकऱ्याच्या घरी या विद्येची प्राथमिक शाळा विहिरीवर भरे. १९४६ साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीस निघाला, आणि वीज पोहोचण्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी मोटेची जागा त्या इंजिनांनी घेतली. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, भोवती वळवू नये, नाही तर इंजिन उलट फिरल्यास मनगट मोडते, हा पहिला धडा शेतकऱ्याचा मुलगा विहिरीवर गिरवी. मोटारीपाशी आल्यावर त्याला तो नव्याने घोकावा लागत नसे.

या व्यवसायाची भाषाही मोठी मनोरंजक. इंजिनाचे अवयव सारे इंग्रजी. पण ते हाताळणारा मिस्त्री व ते सुरू करणारी चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, पेच, दुरुस्ती व कारखाना फारसी, मरम्मत अरबी. निजामी राज्यात गॅरेजमधले गुरुशिष्य हे ‘उस्ताद’ व ‘शागिर्द’ या नावांनीच ओळखले जात, आणि ती नावे राज्य गेल्यानंतरही टिकली. मालक ज्याला आपली विद्या म्हणे, ती पुष्कळदा या उस्तादाच्या शेजारी उकिडवे बसून उचललेली असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘खुद्द दुरुस्ती केली’ असे सांगणाऱ्या मालकाच्या वृत्तांतात गाडीखाली निजलेल्या किन्नराचे, म्हणजे क्लीनर पोराचे, नाव येत नाही. मालक माप सांगे. अंगावर ऑइल गळे ते त्या पोराच्या. शिवाय प्रत्येक रविवार यशस्वी होत नसे. जादा जोर लावून मोडलेले स्टड, उलटसुलट जोडलेल्या प्लगच्या तारा, आणि सर्व काही बांधून झाल्यावर परातीत उरलेला एक अनाथ वॉशर, यांवर सोमवारी उस्तादाची चांगली कमाई होई. तरीही मालकाला एक लाभ झालाच: उस्तादाने सांगितलेल्या बिलातील कोणते कलम खरे व कोणते पदरचे, हे त्याला कळू लागले.

उतरणीची हकीकत थोडक्यात पुरे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली. नंतरच्या दोन दशकांत पॉइंट गेले, कार्बोरेटर गेला, त्यांच्या जागी बंद डबे आले, ज्यांना कानस लागू पडत नाही. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. लोक आळशी झाले म्हणून ही विद्या गेली, असा आक्षेप वडीलधारी माणसे घेतात. तो मला मान्य नाही. उघडता येईल असे यंत्रच समोर राहिले नाही, तर हातांनी काय करावे? आणि मापाचे म्हणाल, तर याच औंढा तालुक्यात आता गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक मोजावयाचा आहे. पंधरा थाऊ तिथे पर्वतासारखे भासतील.

जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ रोजी मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. त्यामुळे उरल्यासुरल्या गाड्याही भंगाराच्या वाटेला लागतील. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशा एखाद्या गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. समासात पेन्सिलीने तारखा, मापे, कोणता नट कोठे चुकला याची टिपणे आढळतील. ही टिपणे म्हणजेच या प्रथेचे दफ्तर. ती जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी, आणि पाने काळी झाली असतील तर पुसू नयेत.