अनुमस्तिष्कातील पेशी-प्रत्यारोपणाचा इतिहास

शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातील पुर्किन्ये पेशींचे वर्णन १८३७ मध्ये झाले. आनुवंशिक दोषामुळे या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच नष्ट होतात, अशा उंदरांची नोंद १९७६ मध्ये झाली. १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये सोतेलो व आल्वारादो-मायार्त यांनी निरोगी भ्रूणांतील पेशी अशा प्रौढ उंदरांच्या अनुमस्तिष्कात सोडल्या. नव्या पुर्किन्ये पेशी योग्य थरात जाऊन रुजल्या; यजमान उंदराचे चेतातंतू त्यांना जोडले गेले. परंतु त्यांचे स्वतःचे तंतू खोलवरच्या केंद्रकांपर्यंत क्वचितच पोहोचले. सर्किटच्या भाषेत सांगायचे तर इनपुट मिळाले, आउटपुट अपुरे राहिले. असे आनुवंशिक विकार भारतीय कुटुंबांतही आढळतात. त्यांना आशा दाखवण्यापूर्वी विचारावे : पेशी जगली, पण जोडली गेली का?